कोचबोटीवरचा आवाज

मंगळवारी सकाळी बसमध्ये एका माणसाने उठून कोचला जागा दिली आणि तो बसला. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण एकदाही नको म्हणालो नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस निदान एकदा तरी नको म्हणतो, मग समोरचा आग्रह करतो, मग बसायचं. जागा देणारा छत्तीस-सदतीसचा होता, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात सात-आठ वर्षांच्या मुलीचा हात. तो वरून खाली बघत हसला आणि म्हणाला, "ओळखलं नाहीत ना सर? मी कासव." कोचने चटकन ओळखलं म्हटलं, आणि खरंच त्याला सगळं आठवलं. निळं लाइफ जॅकेट, दोन नंबर मोठं. सुकाणू घट्ट धरण्याची सवय, जणू कुणी हिसकावून नेणार आहे. प्रत्येक शर्यतीत शेवटचा बोया, पाण्यावरची तरंगती खूण, हा एकटाच वळायचा, तोवर बाकीची पोरं होड्या धक्क्यावर ओढून कपडे बदलत असायची. कासव हे नाव त्यानेच ठेवलं होतं. खरं नाव काय होतं ते मात्र आठवेना. शिडाच्या होड्या चालवायला शिकवत त्याला सव्वीस वर्षं झाली होती, त्यात तीनशेच्या वर पोरं त्याच्या हाताखालून गेली होती आणि बहुतेकांची त्याला अशीच नावं माहीत होती, आपण ठेवलेली. "अजून शिकवता?" कासवाने विचारलं. "दुसरं येतंय काय," कोच म्हणाला. दोघं हसले. कासव एका मोठ्या गोदामाचा व्यवस्थापक झाला होता. त्याच्या हाताखाली चाळीस माणसं होती. "तुमच्या पद्धतीनेच चालवतो," तो म्हणाला. "दहा येतात, आठ पळतात. पण जे दोन टिकतात ते सोनं." मग तो खाली वाकून मुलीला म्हणाला, "आता पुढच्या वळणानंतर घंटा दाबायची हं." मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती. वळण आलं, गेलं. ती दचकली, तिने घाईघाईने घंटा दाबली, पण बस थांब्यापुढून सरळ निघून गेली. कासव चिडला नाही. त्याने आवाजही चढवला नाही. तो फक्त म्हणाला, "डोळे उघडे. डोकं बंद." उघडेनंतर अर्ध्या श्वासाची जागा सोडून. मुलगी लगेच म्हणाली, "सॉरी बाबा." फार सराईतपणे म्हणाली. पुढच्या थांब्यावर उतरताना कासवाने कोचचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुमच्यामुळे घडलो सर," तो म्हणाला. त्याचं म्हणणं मनापासूनचं होतं.

ते वाक्य त्याचं होतं. नुसते शब्द नाहीत, मधली ती अर्ध्या श्वासाची जागाही त्याचीच. पाण्यावर लांब वाक्यं टिकत नाहीत, वारा त्यांचं शेपूट तोडून नेतो. कोचच्या बोटीची मोटर चालू असते, शिडं फडफडत असतात, पोरगं पन्नास हातांवर असतं, त्याच्यापर्यंत चार शब्द पोचले तर नशीब. म्हणून सुरुवातीच्या वर्षांतच त्याने घासून घासून ते चार शब्द तयार केले होते. पोरगं समोरून येणारा गडद पट्टा बघत असतं, म्हणजे पाण्यावरून वाऱ्याचा झोत येतोय हे त्याला दिसत असतं, आणि तरी ते दोर सैल सोडत नाही आणि होडी आडवी होते, तेव्हा यापेक्षा नेमकं दुसरं काय म्हणणार? पोरं हसायची. एकमेकांना म्हणून दाखवायची. एकाने तर निरोपाच्या दिवशी त्याच्या शिट्टीच्या दोरीला पुठ्ठ्यावर लिहून ते टांगलं होतं. त्यात काही विखार आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं, किंवा वाटलं असेल तर एकदाच, स्वतःच्या मुलाच्या वेळी, आणि ते त्याने फार खोल बुडवून ठेवलं होतं. क्लबच्या थांब्यावर तो उतरला तेव्हा त्याला त्या मुलीचं सॉरी ऐकू येत होतं. सात-आठ वर्षांची. पाणी नाही, होडी नाही, वारा नाही. कोरड्या बसमध्ये.

क्लब म्हणजे पत्र्याची लांबट शेड, पाण्यात उतरत जाणारा सिमेंटचा उतार, आणि ढकलगाड्यांवर पालथ्या घातलेल्या होड्या. आत कायम ओल्या दोरांचा आणि रबराचा वास. त्या दिवशी आठही पोरं आधीच कपडे बदलून बसली होती, कारण रविवारी सगळ्या क्लबांतून निवड होती. पाच शर्यती, आणि पहिल्या तिघांना बाहेरच्या मोठ्या स्पर्धेचं तिकीट. सगळ्यांना ठाऊक होतं की या क्लबातून कुणाला आशा असेल तर ती टाचणीला. तेरा वर्षांची, हाडकुळी, अणकुचीदार चेहऱ्याची पोरगी. दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा पाण्याला घाबरायची. आता वाऱ्याविरुद्ध जाताना होडीच्या कडेवरून इतकी बाहेर झुकायची की तिची वेणी पाण्याला टेकायची. कोचने त्या दिवशी सुरुवातीचा सराव घेतला. दोन बोयांमधल्या रेघेवर होडी अर्धा मिनिट जागच्या जागी धरून ठेवायची, भोंगा वाजला की सुटायचं. ऐकायला सोपं, करायला महाकठीण. होडीला ब्रेक नसतो. पहिल्याच वेळी टाचणी तीन सेकंद आधी रेघ ओलांडून गेली. कोचने मान वर केली, छातीत हवा भरली, आणि ते चार शब्द दातांपर्यंत आल्यावर त्याने तोंड मिटलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "पुन्हा." मोटरच्या आवाजात ते तिला ऐकू गेलं नसावं. ती मान वळवून बघत राहिली. दुसऱ्या वेळी, तिसऱ्या वेळी, दर वेळी ठीक आहे, पुन्हा. दोन तास झाल्यावर एक चमत्कारिक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. ते वाक्य बाजूला ठेवलं तर त्याच्याकडे बोलायला दुसरं काही उरत नव्हतं. दोर सैल कर, वजन मागे घे, वारा उजवीकडे फिरला, या सगळ्या सूचना त्या एका वाक्याच्या पाठीवर बसून जायच्या. घोडंच काढून घेतल्यावर त्या उभ्या राहिल्या जागच्या जागी, माना खाली घालून.

बुधवारी पोरांनी त्याला घशाच्या गोळ्या आणून दिल्या. त्यांना वाटलं सरांचा आवाज बसलाय. त्याने एक तोंडात टाकली आणि बाकीच्या खिशात ठेवल्या. खोटं बोलायला लागलं नाही इतकंच. गुरुवारी सराव संपल्यावर टाचणी आपली होडी धुऊन झाल्यावरही पाण्याच्या नळीपाशी घुटमळत राहिली. "सर, माझं काही चुकलं का?" तिने विचारलं.

"नाही. का गं?"

"तुम्ही ओरडत नाही."

"न ओरडलेलं चांगलं ना?"

तिने थोडा विचार केला. "ओरडता तेव्हा कळतं," ती म्हणाली, "किती चुकलंय ते." मग नळ बंद करून गेली. शुक्रवारी तिचे वडील आले. दातांचा डॉक्टर, मऊ बोलायची सवय, जणू समोरच्याचं तोंड कायम उघडंच आहे आणि त्याला उत्तर देता येणार नाही. "सर, मी तुमच्या कामात ढवळाढवळ करत नाही," ते म्हणाले. "पण घरी ती जेवत नाहीये. म्हणते, सरांनी मला सोडून दिलं." कोचने त्यांना सांगितलं की तसं काही नाही, पोरं मोठी होतात, त्यांना स्वतःचं स्वतः ठरवू द्यावं लागतं. हे बोलताना त्याला आपलं बोलणं एखाद्या पत्रकातल्या मजकुरासारखं वाटलं. डॉक्टरांनी मान डोलावली. दुखत नाहीये असं म्हणणाऱ्या पेशंटकडे बघून डोलवावी तशी.

घरी बायकोने विचारलं, "काय झालंय तुला? चार दिवस झाले, पंख्यालासुद्धा काही बोलला नाहीस." ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि घरी आल्यावर कुणाकडेही सरळ न बघता बरोबर निदान करायची. त्याने तिला बसमधली गोष्ट सांगितली. ती कांदा चिरत होती, तिचा हात थांबला नाही. "मग त्यात नवीन काय?" ती म्हणाली. "तुझी पोरं तुझ्यासारखीच बोलणार. कुंभाराचं मडकं कुंभाराच्याच बोटांचं." थोड्या वेळाने म्हणाली, "आपल्याकडेही एक आहे की." मुलाचा विषय घरात असाच यायचा, पायातल्या मांजरासारखा, आणि दोघं त्याला न तुडवता पलीकडे पाय टाकायचे. मुलगा लहानपणी त्याला अरे बाबा म्हणायचा. तू ये ना, तू दे ना. क्लबमध्ये मात्र बाकीच्यांसारखंच सर, तुम्ही. पोराला हा फरक फार आवडायचा. उतारावरून वर येऊन शेडचं दार ओलांडलं की तो मुद्दाम मोठ्याने अरे बाबा म्हणायचा, एखादा कपडा बदलावा तसा. मग पंधराव्या वर्षी त्याच्या निवडीची शर्यत झाली. तो रेघ आधी ओलांडून गेला, नियमाप्रमाणे परत मागे आला, पुन्हा सुटला, आणि शेवटचा आला. कोचला तो क्षण स्पष्ट आठवत होता. पोराची होडी कोचबोटीपाशी आली, आजूबाजूला बाकीची पोरं होती, आणि त्याने सगळ्यांदेखत म्हटलं होतं, डोळे उघडे, डोकं बंद. पोराच्या चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं. त्यानंतर मुलगा पाण्यावर आला नाही. भांडण नाही, रुसवा नाही. दोन-तीन महिन्यांनी एका संध्याकाळी बायको म्हणाली होती, "तुझ्या लक्षात आलंय का? तो तुला तुम्ही म्हणतो." तेव्हा त्याने आठवून बघितलं होतं. बाबा, तुम्ही जेवलात का. बाबा, तुमचा फोन आहे. केव्हापासून, ते काही सापडलं नाही. आता मुलगा दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. सणासुदीला नाही, पण दर पंधरा दिवसांनी फोन करतो, तब्येत विचारतो, काळजी घ्या म्हणतो. पोराने इतकं चांगलं वागावं आणि बापाला तक्रारीला जागा ठेवू नये, याइतकं दूर कुणी कुणाला लोटू शकत नाही.

रविवारी वारा चांगला होता. लाटा अडवणाऱ्या लांब भिंतीच्या आत सगळी शिडं उभी राहिली की पाण्यावर एक पांढरी गडबड उडते, आणि मग भोंगा वाजल्यावर ती एकाच दिशेने कलते. चार शर्यतींनंतर टाचणी तिसरी होती. चौथ्या नंबरच्या पोरात आणि तिच्यात एका गुणाचा फरक. शेवटच्या शर्यतीआधी पोरांना पाणी प्यायला, कोचशी बोलायला दहा मिनिटं असतात. टाचणी होडी घेऊन आली, कोचबोटीची कड धरून राहिली. तिचे ओठ निळसर पडले होते. "सर, वाऱ्याविरुद्ध वर जाताना मी मागे पडतेय," ती म्हणाली. "कुठे चुकतेय?" त्याला नेमकं माहीत होतं. दुपारनंतर वारा भिंतीच्या अंगाने वळला होता आणि ती चारही वेळा डाव्या बाजूला गेली होती, जिथे आता पाणी गुळगुळीत, मेलेलं होतं. पाण्याचा रंगच सांगत होता. तिला तो दिसतही असणार. उजवीकडे जा, वारा तिथे आहे. एवढंच म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की हे शब्द एकटे निघत नाहीयेत, त्यांच्या मागून त्याच दोरीला बांधलेले ते दुसरे चार येताहेत, आणि एक निघाला की सगळे निघणार. त्याला बसमधली पोरगी दिसली. पोराच्या चेहऱ्यावरचं पाणी दिसलं. आपण आता एखाद्या दारुड्यासारखे आहोत, त्याला वाटलं, ज्याला एक घोटसुद्धा चालत नाही. "छान चाललंय तुझं," तो म्हणाला. "तुला वाटेल तसं कर."

टाचणी त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. एखाद्या घराच्या खिडक्यांत दिवा दिसतो का ते बघावं तसं. "सर, सांगा ना," ती हळूच म्हणाली. त्याने मान हलवली आणि हसण्याचा प्रयत्न केला. तिने बोटीची कड सोडली.

ती डावीकडे गेली. गुळगुळीत पाण्यात तिचं शीड दोनदा फडफडलं आणि मग नुसतं लोंबकळलं. पलीकडे भिंतीच्या बाजूने एकामागून एक पोरं वर निघून गेली. ती नववी आली. एकूण हिशोबात पाचवी. किनाऱ्यावर ती रडली नाही. तिने शीड उतरवून कोपऱ्याला कोपरा लावून घडी घातली, दोरांची वेटोळी केली, पट्ट्यांच्या गाठी तपासल्या, जसं त्यानेच शिकवलं होतं तसं सगळं, आणि त्याच्यापाशी येऊन म्हणाली, "थँक्यू सर." तिचे वडील मागे उभे होते. त्यांनी हात पुढे केला. बुधवारी शेडमधल्या तिच्या खुंटीवर काही नव्हतं. डॉक्टरांचा फोन आला. पाण्याच्या पलीकडच्या क्लबात तिचं नाव घातलंय, तिथले सर कर्णा घेऊन ओरडतात, पण तिला बरं वाटतंय. "तुमच्याबद्दल आमच्या मनात काही नाही," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी त्याने मुलाला फोन लावला. पंधरवडा व्हायचा होता, पाळी मुलाची होती, म्हणून पलीकडून पहिला प्रश्न आला तो काळजीचा. "बाबा? बरे आहात ना? आई?"

"आम्ही बरे आहोत. सहज केला. कामावर आहेस का?"

"अकराव्या मजल्यावर आहे. एक दार अडकतंय. बोला ना."

कोचने काय बोलायचं ते फोन लावायच्या आधी मनात जुळवलं होतं, ते सगळं विसरला. "तुझी निवडीची शर्यत आठवते?" तो म्हणाला. "मी तुला जे म्हणालो होतो सगळ्यांसमोर. ते मी म्हणायला नको होतं. एवढंच सांगायचं होतं."

पलीकडे हातोडीचा की पान्याचा एक आवाज झाला. "काय म्हणाला होतात तुम्ही?"

"तेच. नेहमीचं. डोळे उघडे."

"नाही बाबा," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात कुठेही धार नव्हती, दुरुस्तीचं काम करणारा माणूस नेमकं बोलतो तसा तो बोलत होता. "तुम्ही काहीच म्हणाला नव्हतात. मी होडी घेऊन तुमच्या बोटीजवळ आलो. मला वाटलं आता बसणार शिव्या. तुम्ही घड्याळाकडे बघितलंत आणि बोट वळवून दुसऱ्या पोरांकडे गेलात. त्यांना ओरडलात. सगळ्यांना ओरडलात. मला नाही." थोडं थांबून तो म्हणाला, "तेव्हाच कळलं की माझं संपलं."

"मी म्हणालो होतो रे," कोच म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच विनवणीसारखा वाटला.

"म्हणाला असतात तर मी पुढच्या रविवारी आलो असतो," मुलगा म्हणाला आणि हलकंसं हसला. "जाऊ द्या. किती वर्षं झाली. काळजी घ्या. आईला सांगा शनिवारी फोन करतो."

फोन ठेवल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. बायकोने वर बघितलं. तिला विचारावं असं त्याच्या मनात आलं, तू होतीस ना त्या दिवशी धक्क्यावर, मी बोललो होतो की नव्हतो. पण त्याने विचारलं नाही, दोन्ही उत्तरं त्याला सारखीच वाटली. इतकी वर्षं एका वाक्याचा अपराध त्याने जपला होता. निदान ते वाक्य तरी होतं. आता तिथे घड्याळाकडे बघणारा एक माणूस होता, आणि बोटीचं सुकाणू वळवणारा त्याचा हात. आणि तोच हात त्याने रविवारी पुन्हा वळवला होता, या खेपेला पुण्य म्हणून. "चहा टाकू का?" बायकोने विचारलं. तो हो म्हणाला.

शनिवारी सात पोरं होती. सकाळी लवकरचं पाणी, चांगला, एकसारखा वारा. त्याने त्यांना उतारावर ओळीने उभं केलं. आज ओरडायचं की नाही हे त्याने ठरवलं नव्हतं, ठरवण्यासारखं त्याच्यापाशी काही राहिलं नव्हतं. तो म्हणाला, "वारा कुठून येतोय, दाखवा." हा पहिल्या दिवशीचा धडा. मानेवर, कानामागे लागतो तो ओळखायचा, पाण्यावरच्या सुरकुत्या बघायच्या. आठ वर्षांचं पोरगंही तासाभरात शिकतं. पण त्याच वेळी पलीकडच्या क्लबाच्या होड्या भिंतीजवळून निघाल्या होत्या आणि त्यातली एक बाकीच्यांच्या पुढे होती, कडेवरून एक बारीकसं अंग पार बाहेर झुकलेलं. कर्ण्याचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. तो तिकडे बघत राहिला. भानावर आला तेव्हा सातही पोरं त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. पाण्याकडे कुणीच नाही. सगळ्यात लहान पोराने त्याच्या डोळ्यांचा रोख निरखला, वळून तो कुठे जातो ते पाहिलं, आणि बोट केलं, पलीकडे, भिंतीकडे. मग एकेक करून बाकीच्या सहाही जणांनी वळून तिकडेच बोटं केली. वारा त्यांच्या पाठीमागून येत होता. सगळ्यांचे केस पुढे उडत होते.